दक्षिण टोक

“आमच्या बाजूची घरं कुठायत?” तिओतीनं चारुताला विचारलं.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेतल्या लांबरुंद टाकीत त्याचं बेट लहान करून मांडलेलं होतं. पॅसिफिकमधलं, भरतीला जेमतेम डोकं वर काढणारं. उत्तरेला लाटा अडवणारी भिंत, भिंतीआड लाकडी ठोकळ्यांची घरं. दक्षिणेला नुसती वाळू. भिंत तिथवर पुरणार नाही, हे चारुताच्या गणितानं महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं. मग जे वाचणारच नाही, तिथे ठोकळे चिकटवत कशाला बसायचं, म्हणून तिनंच ते गाळले होते. बेटावरून आलेल्या या पाहुण्याला आधी चहापाणी करू, जरा बसवू, मग हळूच सांगू, असं ठरवलं होतं. सकाळपासून मेलं धाडसच होईना. शेवटी सांगायचं ते वाळूनंच सांगितलं.

“सॉरी, तिओती,” ती म्हणाली. “दोन्ही टोकं नाही वाचवता येत. खूप ट्राय केलं मी.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आमच्या जुन्या बेटावर गर्दी झाली, म्हणून गोऱ्या साहेबानं आजोबांना बोटीत घालून या बेटावर आणलं,” तो सावकाश म्हणाला. “प्यायला पाणीसुद्धा नव्हतं. त्यांनी विहीर खणली, नारळ लावले. साहेब म्हणाला होता, आता हे कायमचं तुमचं.”

बाहेर समुद्राच्या पातळीखालचं आख्खं शहर निवांत सायकली हाकत होतं. चारुताला त्या निवांतपणाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

तिओतीनं डब्यात उरलेला एक ठोकळा उचलला. टाकीच्या काठावर गुडघे टेकून, हात लांब करून तो दक्षिण टोकाच्या वाळूत बसवला. मग थोडा फिरवला. ठोकळ्याला दार नव्हतं, पण त्याला ते दिसत असावं.

“रेडी?” लाटांचं यंत्र चालवणाऱ्या योपनं पलीकडून हाक दिली. वेळेचा पक्का माणूस. बटणावर बोट ठेवूनच उभा होता.

चारुता मान हलवणार, तोच तिओतीनं हात वर केला.

“जरा थांबा,” तो म्हणाला. “तिथे आत्ता रात्र आहे. आई झोपलीय.”