निळा लेयर

सँडीफोर्डच्या आमच्या ऑफिसात घरं विकणाऱ्या एका वेबसाइटसाठी आम्ही नकाशा बनवत होतो. उपग्रहाचे फोटो एकीकडून घेतलेले, रस्ते दुसरीकडून, आणि पूर कुठवर येतो ते दाखवणारा निळा लेयर तिसरीकडून. निळा मी सगळ्यात वर ठेवला होता.

टीम लीड अंबरीशने नाक मुरडलं. "अश्लेषा, काय घाण दिसतंय हे! अर्धं गाव बुडाल्यासारखं. टाक तो निळा फोटोच्या खाली."

"मग तो कुणाला दिसणारच नाही."

"नकाशात आहे ना? बस झालं. नकाशा देखणा हवा."

टाकला खाली. क्लायंट 'ग्रँड, ग्रँड' म्हणाला आणि अंबरीशने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

परवा हेच साहेब माझ्या डेस्कपाशी आले. आवाज एकदम मऊ. "अगं, बायकोला स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय. तिथे नदीकाठी एक घर बघतोय. मला जरा निळ्यावरचा फोटो हटवून नकाशाची लिंक पाठवशील? फक्त माझ्यापुरती."

मी लगेच पाठवली. सगळ्या गिऱ्हाइकांना जाते तीच. देखणी.