काळी तलंग

"बल्ब वीतभर वर टांग. आणि पिल्लांकडे बघत राहा, दिव्याकडे नको. गोळा होऊन बसली तर गारठलीत. कडेला जाऊन धापा टाकायला लागली तर उकडतंय. आपली आपण पसरली, की तू झोपायला मोकळी."

झाम्फिराताईंनी हे सांगितलं तेव्हा सावेता त्या गावात नवी नवरी होती. आज एकतीस वर्षांनी तेच शब्द ती ताईंच्या नवऱ्याला, तोआदेरदादांना सांगत होती. ताई सुचावा शहरातल्या इस्पितळात होत्या, खुब्याचं हाड मोडून.

दादांनी टोपीतून बारा पिल्लं आणली होती. अकरा पिवळी, एक काळं.

"या वयात खुडूक बसायचं मनात आलं का हो, दादा?"

"जागा दाखव, बसतो," दादा म्हणाले.

त्यांनी बटाट्याचं खोकं आणलं. तळाशी वर्तमानपत्र घालायला निघाले, तर सावेतानं हात धरला. "कागदावर पाय घसरतात, मग फाकतात ते कायमचे." तिनं गोणपाट अंथरलं, वर लाकडाचा भुसा पसरला. लोणच्याची रिकामी बरणी पाण्यानं भरून बशीवर उपडी घातली आणि काठाखाली काडीचा तुकडा सरकवला. पाणी लागेल तेवढंच झिरपू लागलं. बशीत तिनं धुतलेले खडे टाकले.

"खडे कशाला?"

"बुडून मरतात. बशीभर पाणी पुरतं त्यांना."

दादांनी एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्याला टेकवली. काळ्याची दोनदा.

"काळंच का एवढं लाडकं?" तिनं विचारलं.

"सुगीपर्यंत काळी तलंग हवी, तरणी कोंबडी. घरी वाढलेली."

सावेतानं छातीवर क्रूस रेखला. गावची रीत तिला सांगायला नको होती. शवपेटी खाली सोडण्याआधी खड्ड्यावरून जिवंत काळी कोंबडी एखाद्या गरीब बाईच्या हाती देतात. ती कोंबडी परलोकाच्या वाटेवर गेलेल्याच्या पुढं पुढं चालते आणि वाटेतले काटे उकरून बाजूला करते. विकतची कोंबडी चालत नाही. तिला माणसाची ओळख नसते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सुगीपर्यंत, म्हणाले."

"आणि ताईंना ठाऊक आहे?"

"नाही. आणि तिला कळता कामा नये." त्यांनी बल्ब बोटभर वर घेतला. "एक शब्द दे, सावेता. त्या दिवशी कोंबडी तू धरायचीस. खड्ड्यावरून तू द्यायचीस. माझ्यानं ते व्हायचं नाही."

घरच्यांचं काम ते. पण म्हाताऱ्याचे हात थरथरतील, हे तिला समजलं. "दिला शब्द," ती म्हणाली, आणि घरी जाऊन देवाच्या तसबिरीपुढं बराच वेळ गुडघे टेकून बसली. त्या दिवसापासून ती रोज एक दिवा झाम्फिराताईंच्या नावानं लावू लागली.

दर गुरुवारी दादा सकाळच्या बसनं इस्पितळात जात आणि संध्याकाळी पाय ओढत परत येत.

"मीही येते एकदा भेटायला," ती म्हणायची.

"नको. अशा अवस्थेत कुणी बघावं, हे आवडत नाही गं."

एप्रिलमध्ये वादळानं विजेची तार पडली. सकाळी सावेता धावत आली, तर दादा विझत्या चुलीपाशी सदरा उघडा टाकून बसले होते आणि छातीशी पिल्लं चिवचिवत होती. बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. चार पिल्लं मेली होती. काळं जिवंत होतं.

"तुम्ही जेवता तरी का?"

"ईस्टरपर्यंत मोठा उपास चालू आहे ना!"

ईस्टरला तिनं लाल अंडी आणि मटण नेलं. दादांनी एक घास चघळला आणि ताटली कुत्र्यापुढं सरकवली. बायकोच्या चिंतेनं माणूस असा वाळतो, हे सावेतानं स्वतःच्या सासऱ्यांत पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाची पातळ मामालिगा करून नेली, दुधात कालवून.

मे सरला. काळीला तकतकीत पिसं फुटली. दादा विहिरीकडं निघाले की ती मागोमाग, लाकडं फोडायला बसले की पायापाशी. हाक मारली की शेजारच्या, सावेताच्या अंगणातूनही पळत यायची.

"अहो, हिला तुमचीच सवय लागली," सावेता म्हणाली. "ताईंना ही कशी ओळखणार?"

"असू दे," दादा म्हणाले, आणि काळीची मान खाजवत बसले.

जुलैतल्या एका गुरुवारी ते गेले ते संध्याकाळच्या बसनं आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. सावेता समजून चुकली. आता ते बायकोच्या उशापासून हलणार नव्हते. तिनं कोंबड्या आपल्या अंगणात आणून त्यांना भरडा घातला, पाण्याची बरणी विसळली आणि आपला काळा रुमाल धुऊन वाळत टाकला. काळी दारात बसून राहिली. दाणे टिपेना.

रविवारी प्रार्थना संपता संपता चर्चची घंटा संथ वाजू लागली. फाटकातून कुणीतरी ओरडलं, "तोआदेरच्या दारात शहरातून शवपेटी आलीय!"

सावेता रडली नाही. रडायला पुढं वेळ होता. तिनं घरी येऊन काळीला उचललं, पाय मऊ चिंधीनं सैल बांधले, तिला काखेत घेतलं. कोंबडीचं काळीज धडधडत होतं. "चल गं बाई," ती हळूच म्हणाली. "ताईंना वाट दाखवायचीय तुला." आणि दिला शब्द पाळायला ती कुंपणाच्या कडेकडेनं निघाली.

दादांच्या फाटकात गाडी उभी होती. मागचं दार उघडं होतं, आणि त्याला एक हात टेकून, दुसऱ्या हातात काठी धरून उभी असलेली बाई तिच्याकडं वळली.

"ये, सावेता," झाम्फिराताई म्हणाल्या. "ह्यांना फार वेळ उन्हात ठेवायला नको."