पहिल्या भागातलं नाव

“बाई, खुन्याचं नाव पहिल्याच भागात?” कैरोतल्या साप्ताहिकाचे संपादक उस्ताद मुनीर यांनी हस्तलिखित बाजूला सारलं. “रहस्यकथा आहे ही, लग्नपत्रिका नव्हे! चार जणांवर संशय येऊ द्या, वाचकाला दहा आठवडे झुलवा आणि नाव अगदी शेवटी फोडा.”

विदादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे ऐकायला ती सोहागहून सात तास गाडीत उभी राहून आली नव्हती.

“उस्ताद, ते नाव खरं आहे. माझ्या नवऱ्याला कोणी मारलं हे अख्ख्या गावाला बारा वर्षं ठाऊक आहे. पोलीस आले की मात्र सगळे मुके.”

“असेल. पण नाव आधीच कळलं, तर वाचक पुढचा भाग वाचेल कशाला?”

“वाचक गेला खड्ड्यात!” तिने टेबलावर हात आपटला. “पोलिसांनी वाचावं म्हणून लिहिलंय मी. आमच्याकडे खून झालेल्याच्या दुखवट्याचा मंडप सूड उगवल्यावरच घालतात. माझा मुलगा परवा अठरा वर्षांचा झाला, आणि काल सासूबाईंनी मंडपवाल्याला निरोप धाडलाय.”