दारात आलेलं कॉलेज

कॉलेजची नवी शाखा घराजवळच्या बस स्टॉपला लागूनच उघडली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

"सुटलीस बाई त्या दीड तासाच्या बसमधून," सासूबाई म्हणाल्या. "आता वर्ग सुटला की पाच मिनिटांत घरी!"

सून हसली खरी, पण तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. पुस्तक उघडायचा अवकाश, कुणाचा तरी चष्मा हरवायचा, कुणाचं बटण तुटायचं. "घरातच आहेस ना, जरा बघ गं!" परीक्षा तोंडावर आली, तरी निम्म्या धड्यांना तिचा हातही लागला नव्हता.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने घरी जादा तासाची थाप मारली. कुणी बघत तर नाही ना याचा अंदाज घेत ती जुन्याच बसमध्ये चढली आणि खिडकीजवळच्या नेहमीच्या जागेवर बसली.

ओळखीचा कंडक्टर चक्रावला. "ताई, कॉलेज तर तुमच्या दारात आलं ना? मग निघालात कुठे?"

"शेवटच्या स्टॉपचं द्या, आणि परतीचंही." तिने घाईघाईने पुस्तक उघडलं. "कॉलेज आलं हो दारात. माझी अभ्यासाची खोली मात्र तुमच्या बसमध्येच राहिली."