पायांवरचे डाग

सुताराच्या बायकोच्या पायांवर जांभळे डाग उठू लागले. एका डॉक्टरांनी उष्णता सांगितली, दुसऱ्यांनी ॲलर्जी. तिसऱ्यांनी मात्र सुताराला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" बाहेर येऊन तिने ते हसत हसत सांगितलं, पण सुताराच्या डोक्यात किडा शिरला. आपण झोपेत लाथा तर झाडत नाही ना? तो स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपू लागला. डाग वाढतच गेले. त्याला काही उमजेना.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा इवलासा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उठलंय, त्यांना सूज आलीय. आजार दुर्मिळ आहे, किडनीवरही जाऊ शकतो. औषधं बरीच वर्षं घ्यावी लागतील."

"म्हणजे मी लाथा मारत नव्हतो?" सुताराच्या तोंडून निघून गेलं.

"नाही हो."

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने बायकोकडे पाहिलं.

"तुमच्या लाथाच असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.