भंगारातली सहा मशिनं

“लूट आहे ही, लूट! भंगारावर कसली ड्युटी घेता?” शेठनी कस्टम्सच्या टेबलावर मूठ आपटली. जपानहून मागवलेली भरतकामाची सहा मशिनं त्यांनी कागदावर भंगार म्हणून दाखवली होती, कारण भंगाराला कर कमी पडतो. आता तेवढाही जड जात होता.

टेबलापलीकडच्या अधिकारी मॅडमनी कागद शांतपणे वाचला. “भंगार ना? मग नियमाप्रमाणे इथेच मोडून देतो, म्हणजे पुन्हा कुणी चालवायला नको. मोडायचा खर्च तुमचा.”

“मोडा! खुशाल मोडा!” शेठना ती पोकळ धमकी वाटली.

गोदामात हमालाने पहिल्या मशीनवरचं प्लास्टिक ओढलं. तेल दिलेल्या सुया ओळीने चमकल्या. त्याने घण उचलला, तशी शेठनी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

“ए गाढवा, हात लावू नकोस! नव्यासारखं चालतं ते! पाच लाखांचं आहे एकेक!”

हमालाने घण खाली ठेवून मॅडमकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो, ते शेठना सगळ्यांत शेवटी कळलं.

मॅडमनी कोरा फॉर्म पुढे केला. “पूर्ण ड्युटी, वर दंड. मालाच्या वर्णनात आत्ता ओरडलात तेच लिहा, शेठ. गाढव तेवढं गाळा.”