शुभेच्छुक

बायको, रंभाबाई, गेल्याचं कळलं त्या दिवशी नत्थूजी फ्लेक्सच्या दुकानातच कामावर होते. आमदार भाऊंच्या विजयाचा बोर्ड लाकडी चौकटीवर ठोकत होते. शेजाऱ्याचा फोन आला. मिरवणुकीत भाऊ स्वतः जीप चालवत होते, प्यायलेले होते, आणि ओवाळायला दारासमोर उभ्या असलेल्या बायकांवर जीप गेली. बाकीच्या वाचल्या. रंभाबाई वाचली नाही.

त्याला तीन वर्षं झाली. शुक्रवारी कोर्टानं भाऊंना दोषी ठरवलं आणि आज शिक्षा सांगणार होते. मनीषनगरातल्या त्याच दुकानात सकाळपासून दुसरा विषय नव्हता.

"दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी गेली," मधुकरराव म्हणाले. ते निवृत्त कारकून. नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर न्यायला आले होते आणि तासभर बसूनच होते. "पण तीनच्या आत दिली तं जामीन तिथल्या तिथं. पाहून घ्या, तीनच्या वर देतच नाही."

"देऊ दे ना," दुकानाचा मालक धर्मेंद्र म्हणाला. "वर राज्यपाल आहेत. माफी होते."

"होते ना. कलम एकशे एकसष्ट."

"तुम्ही वकील काहून नाही झाले, मधुकरराव?"

"घरात एक आहे ना. दोघं कुठं मावतात?"

दोघं हसले. नत्थूजी कोपऱ्यात खाली बसून पट्टीला खिळा मारत होते. पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर हा विषय निघाला की लोक आवाज खाली करत. आता करत नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास भाऊंच्या पक्षाचा कार्यकर्ता अंकुश आत आला. मोबाइल हातात, घामानं शर्ट भिजलेला.

"पाच," तो म्हणाला. "पाच वर्षं."

"पाच?" मधुकरराव खुर्चीत सरळ झाले. "जज बाहेरगावचा असंन."

"मयुराताई, दुसरं डिझाइन काढा."

मयुरा कॉम्प्युटरवर बसायची. भाऊंची दोन डिझाइनं तिनं कालच करून ठेवली होती. जामिनावर सुटले तर एक, अडकले तर दुसरं. दुसऱ्यात भाऊ हात जोडून उभे होते आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'भाऊंना माफी मिळालीच पाहिजे'. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो होते, ओळीनं आठ.

"काका, जरा येता का?" मयुरानं हाक मारली. "तुमच्या फोटोत बाजूनं हिरवा पदर येऊन राहिला. काढू का?"

नत्थूजी हातोडी खाली ठेवून आले. चौथ्या गोलात ते स्वतः होते. भाचीच्या लग्नातला फोटो. खांद्याला लागून रंभाबाईचा बोटभर हिरवा पदर दिसत होता.

"मी काहून आहे इथं?"

"काका, राज्यपालांकडे अर्ज चालला आपला," अंकुश म्हणाला. "ज्याची बायको गेली तोच माफ करून राहिला म्हटलं की वजन पडते ना. तुमच्या अंकितनंच फोटो पाठवला."

"मले कोणी विचारलं?"

"आता विचारून राहिलो ना. भाऊंनी मुद्दाम केलं का, सांगा बरं? काकू तं ओवाळाले उभ्या होत्या. भाऊले आशीर्वादच द्याले आल्या होत्या."

"दिला नाही," नत्थूजी म्हणाले. "गाडी थांबली असती तं दिला असता."

नत्थूजी पडद्याकडे वळले.

"मयुरा, मले काढ. तिलेही काढ."

मयुरानं अंकुशकडे पाहिलं नाही. एक बटण दाबलं. गोल पांढरा झाला.

अंकुशनं मान हलवली आणि फोन लावला, स्पीकरवर. नत्थूजींचा मुलगा अंकित दिवाळीपासून भाऊंच्या शाळेत शिपाई होता.

"अंकित, तुझे बाबा नाही म्हणून राहिले गा. तुझा फोटो लावू का?"

पलीकडे शाळा सुटल्याचा गलका होता.

"लावा ना अंकुशभाऊ," अंकित म्हणाला. "फक्त बाबाले सांगू नका. एकदा लागला की मग मी पाहून घेतो."

अंकुशनं घाईनं फोन बंद केला. मधुकररावांनी नातवाचा बॅनर काखेत घेतला आणि चपला शोधू लागले. धर्मेंद्र म्हणाला, "नत्थूजी, चहा सांगू?" नत्थूजींनी ऐकलं नाही.

"चला, उरका," अंकुश म्हणाला. "सहाच्या आत बोर्ड चौकात लागले पाहिजे." आणि दुसरा फोन घेत तो बाहेर गेला.

मयुरानं गोलात अंकितचा फोटो बसवला. खाली बाकीच्यांसारखं पूर्ण नाव टाकलं. अंकित नत्थूजी वैरागडे. रस्त्यावरून वाचता यावं म्हणून अक्षर जाड घेतलं.

कोणीतरी नाव वाचून हो म्हटल्याशिवाय छपाईला सोडायचं नाही, असा दुकानाचा नियम होता. मयुरानं दाराकडे पाहिलं. अंकुश फोनवर होता. मग ती हळूच म्हणाली, "काका, नाव बरोबर आहे का?"

नत्थूजी पडद्यासमोर उभे होते. त्यांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं.